वळणावर गाडी घसरते तेव्हा रस्त्याचीही चौकशी व्हावी

धागालेखक :

अपघाताच्या नोंदीत 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटला' हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले जाते की ते वाचल्यावर पुढे काही विचारावे असे कोणालाच वाटत नाही. रस्त्यांच्या पृष्ठभागाची मोजमापे करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. ते वाक्य समोर आले की दर वेळी माझ्या मनात एकच प्रश्न येई : ताबा सुटला तो चालकाच्या हातून, की टायरखालून? बहुधा दोन्ही एकदमच घडते. पण पहिल्याची चौकशी होते आणि दुसऱ्याची होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मोटारीचे एकेक टायर रस्त्याला टेकते ते साधारण तळहाताएवढ्या जागेवर. थांबणे, वळणे, वेग वाढवणे हे सगळे त्या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असते. ही पकड घर्षण गुणांकाने सांगतात. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर तो ०.७ च्या आसपास असतो, ओल्या रस्त्यावर ०.४ पर्यंत उतरू शकतो, घोटून गुळगुळीत झालेल्या ओल्या रस्त्यावर त्याच्याही खाली जातो आणि बर्फाच्या थरावर ०.१ च्या घरात येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.७ गुणांकाच्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते, ०.४ असेल तर तिला सुमारे ६३ मीटर लागतात. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेले नाही. याच हिशेबाचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ५२ किलोमीटर असतो. चालक तोच, गाडी तीच, ब्रेक दाबल्याचा क्षणही तोच. तरी रस्ता ओलांडणारा माणूस एका ठिकाणी वाचतो आणि दुसऱ्या ठिकाणी बहुधा वाचत नाही.

ही पकड रस्त्याच्या पोतातून येते, आणि पोत दोन पातळ्यांवर पाहावा लागतो. खडीतल्या प्रत्येक दगडाच्या अंगावर जो अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक खरखरीतपणा असतो, तो सूक्ष्म पोत. पाण्याचा शेवटचा पातळ पापुद्रा फोडून रबराला दगडापर्यंत पोचवण्याचे काम तो करतो, आणि त्याच्यावाचून कमी वेगातही गाडी घसरते. दोन दगडांमधल्या खाचा आणि उंचसखलपणा हा स्थूल पोत. टायरखाली सापडलेल्या पाण्याला तो निसटायला वाट देतो आणि टायरच्या रबराला दबून पुन्हा फुगायला लावून त्याची ऊर्जा खातो. वेग वाढतो तसे या दुसऱ्या पोताचे महत्त्व वाढत जाते. ज्या रस्त्याचे दगड खरखरीत आहेत पण खाचा बुजलेल्या आहेत, तो रस्ता सावकाश जाणाऱ्याला सांभाळून घेतो आणि वेगाने जाणाऱ्याला सोडून देतो.

हे हाताने पाहता येते. नुकत्याच फोडलेल्या खडीचा एक दगड घ्यावा आणि दुसरा काही वर्षे वाहतूक झेललेल्या चाकोरीतून उखडून आलेला घ्यावा. पहिल्यावर अंगठा फिरवला की कातडी अडखळते. दुसऱ्याची खालची बाजू, जी डांबरात रुतलेली होती, तीही तशीच अडखळवते. पण वरचे तोंड नदीतल्या गोट्यासारखे लागते. एकाच दगडाची ही दोन तोंडे मी नव्या सहकाऱ्यांना हातात देत असे, आणि मग त्यांना घासणीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे. चाके आणि त्यांच्याखालची बारीक धूळ मिळून दगडाला पॉलिश करत राहतात. चुनखडीचा दगड लवकर गुळगुळीत होतो. ज्यांत कमी-जास्त कठीण कण मिसळलेले असतात असे काही वालुकाश्म झिजताना पुन्हा पुन्हा खरखरीत होत राहतात. यातली दुःखाची गोष्ट अशी की जिथे चालक ब्रेक लावतो आणि जिथे गाडी वळते, तिथेच ही घासणी सर्वांत जोरात होते. म्हणजे पकडीची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत आधी संपते.

मोजण्याच्या पद्धती फारशा गूढ नाहीत. स्थूल पोतासाठी ठरावीक आकारमानाची बारीक वाळू किंवा काचेचे मणी कोरड्या, झाडून घेतलेल्या रस्त्यावर ओततात आणि रबर लावलेल्या चकतीने गोल गोल फिरवत पसरतात. वाळू खाचांत उतरत जाते आणि दगडांची टोके उघडी पडली की थांबतात. मग वर्तुळाचा व्यास मोजतात. २५ मिलिलिटर वाळूचे वर्तुळ २०० मिलिमीटर व्यासाचे झाले तर पोताची सरासरी खोली सुमारे ०.८ मिलिमीटर येते. तीच वाळू २५० मिलिमीटरपर्यंत पसरली तर खोली केवळ ०.५ मिलिमीटर. वर्तुळ जेवढे मोठे, रस्ता तेवढा बुजलेला. ब्रिटिश पेंड्युलम टेस्टर या उपकरणात लंबकाच्या टोकाला रबराची पट्टी असते. लंबक सोडला की ती ओल्या केलेल्या रस्त्यावरून सुमारे साडेबारा सेंटिमीटर घासत जाते आणि लंबक पलीकडे किती वर चढला यावरून पकड कळते. लांब पल्ल्याच्या रस्त्यांसाठी पाण्याची टाकी घेऊन चालणारे ट्रक असतात. त्यांचे एक चाक जाण्याच्या दिशेशी २० अंश तिरके ठेवलेले असते आणि त्या चाकावर येणारा आडवा जोर सतत नोंदवला जातो. या कल्पनेचे मूळ १९३० च्या दशकातल्या ब्रिटनमधील प्रयोगांत आहे. तेव्हा हे तिरके चाक मोटारसायकलच्या साईडकारला लावत.

ब्रिटनने १९८८ पासून आपल्या मुख्य महामार्गांसाठी घसरण-प्रतिरोधाचे धोरण लागू केले. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की सगळ्या रस्त्यांना एकच आकडा लावलेला नाही. सरळ, मोकळ्या रस्त्याला कमी पकड चालते. पादचारी ओलांडणीच्या आधीच्या पट्ट्याला आणि तीव्र वळणाला जास्त लागते. मोजणीत आकडा त्या पातळीखाली आला की जागेची तपासणी करायची. अपघात होण्याची वाट पाहायची नाही.

प्रतिसाद १ :

लेख वाचून एक जुनी गोष्ट आठवली, म्हणून विचारतो. माझी दुचाकी एका वळणावर घसरली होती. रस्ता नवा होता, एकही खड्डा नव्हता, पाऊस भुरभुर पडत होता आणि माझा वेग नेहमीपेक्षा कमीच होता. इतकी वर्षे मला न सुटलेले कोडे असे, की गाडी वळणाच्या मध्यावर घसरली नाही. वळण सुरू होता होता, हँडल जेमतेम वळवले असताना मागचे चाक निघून गेले. सर्वांनी माझीच चूक ठरवली आणि मीही ती मानली. त्या जागेत काही असू शकते का?

धागालेखक :

आपल्या अपघाताची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे आपल्याबाबतीत हेच घडले असे म्हणणे योग्य होणार नाही. पण वळणाच्या तोंडाशी घसरणे ही माझ्या कामात वारंवार समोर आलेली गोष्ट आहे, आणि तिला कारण आहे.

सरळ रस्त्याला पाणी वाहून जावे म्हणून मधून दोन्ही कडांकडे साधारण २ ते २.५ टक्के आडवा उतार असतो. वळणावर मात्र सगळा रस्ता आतल्या बाजूला कललेला लागतो, म्हणजे बाहेरची कड उचललेली असते. आता बाहेरच्या बाजूची मार्गिका डोळ्यांसमोर आणा. सरळ रस्त्यावर ती बाहेर उतरते, वळणावर आत उतरते. एका उतारावरून दुसऱ्या उतारावर येताना मध्ये अशी एक जागा येणारच, जिथे तिला आडवा उतार अजिबात नसतो. त्याच ठिकाणी रस्त्याचा लांबीतला उतारही सपाट असला, तर पाण्याला जायला दिशाच उरत नाही आणि ते पातळ थर होऊन तिथेच थांबते. ही सपाट जागा साधारणपणे वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटाला येते. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणांत ती दोन वळणांच्या बरोबर मध्ये येते, जिथे चालक गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेत असतो. पाऊस थांबल्यावर रस्ता वाळताना पाहावे : सगळीकडे फिकट झालेला असतो आणि तेवढाच एक आडवा पट्टा काळा, चकाकत राहिलेला दिसतो. चौकशीला गेल्यावर मी पहिल्यांदा तो पट्टा शोधत असे.

आपल्या वर्णनातल्या आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. 'रस्ता नवा होता' असे आपण लिहिले आहे. नव्या डांबरी रस्त्यावर दगडांच्या अंगाला डांबराचा पातळ लेप असतो. वाहतुकीने तो निघून जाईपर्यंत दगडाचा सूक्ष्म पोत टायरला मिळतच नाही. काही प्रकारच्या मिश्रणांत हा लेप बराच काळ टिकतो, आणि कोरड्या रस्त्यावरदेखील जोरात ब्रेक लावल्यास टायरखालचे डांबर वितळून पकड घटल्याचे ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये आढळले आहे. दुसरी गोष्ट भुरभुर पावसाची. बऱ्याच दिवसांच्या कोरडेपणानंतरचा पहिला हलका पाऊस धूळ, रबराचे कण आणि तेल यांचा चिखलासारखा लेप तयार करतो. मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो, भुरभुर पाऊस नेत नाही.

वेग कमी असूनही घसरलात म्हणून स्वतःला इतकी वर्षे दोष देत राहिलात, हे वाचून वाईट वाटले.

प्रतिसाद २ :

लेखातील माहिती उपयुक्त आहे, परंतु तिचा रोख मला मान्य नाही. रस्ता जसा असेल तशी गाडी चालवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर लोक आपोआप सावकाश जातात. तोच रस्ता नवा, गुळगुळीत झाला की वेग वाढतो आणि मोठे अपघात सुरू होतात, हे आपण सर्वजण पाहतो. मग पृष्ठभाग सुधारल्याने सुरक्षितता वाढते असे कसे म्हणायचे?

धागालेखक :

आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि रस्त्याचे नूतनीकरण करणाऱ्यांनी ते गंभीरपणे घ्यायला हवे. केवळ वरचा थर नवा केला आणि वळणे, कडा, खुणा जुन्याच ठेवल्या, तर वाढलेला वेग मिळालेला फायदा खाऊन टाकू शकतो. पाणी जिरवणाऱ्या सच्छिद्र डांबरी थराबाबतही हाच अनुभव सांगितला जातो : तुषार कमी उडतात, पुढचे दिसते, म्हणून चालक पावसातही वेग कमी करत नाहीत.

मात्र आपल्या वाक्यात 'गुळगुळीत' हा एकच शब्द दोन वेगळ्या गुणांसाठी आला आहे, आणि माझ्या मते हाच गोंधळ जीव घेतो. गाडी हादरते की नाही हा समतलपणाचा प्रश्न आहे. तो मोजणारा आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून पुढे आला. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एका प्रमाणित गाडीचे चाक दर किलोमीटरला एकूण किती मीटर वरखाली होते, हे तो सांगतो. पकडीचा प्रश्न याहून निराळा, आणि तो मिलिमीटरच्या आत सुटतो किंवा बिघडतो. रस्ता समतल असूनही निसरडा असू शकतो. आणि चालकाला बसल्या जागी समतलपणा कळतो, पकड कळत नाही. खड्डा दिसतो म्हणून तो वेग कमी करतो. घोटलेला दगड दिसत नाही, उलट गाडी शांतपणे धावते म्हणून त्याला रस्ता चांगला वाटतो. रस्ता जसा असेल तशी गाडी चालवावी हे मला मान्य आहे, पण तो कसा आहे हे कळण्याचा मार्ग चालकाला मिळायला हवा.

प्रतिसाद ३ :

पाण्याच्या थराबद्दल थोडी भर घालतो. टायर पाण्यावर तरंगण्याचा प्रकार आधी विमानांच्या बाबतीत नीट अभ्यासला गेला. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये मांडलेले सूत्र आजही शिकवले जाते : टायरमधील हवेचा दाब पाउंड प्रति चौरस इंचात घेऊन त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ९ ने गुणायचे, म्हणजे टायर तरंगू लागण्याचा वेग नॉट्समध्ये मिळतो. किलोमीटरमध्ये मांडले तर हवा ३६ असताना हा वेग ताशी सुमारे १००, आणि २५ असताना सुमारे ८३ येतो. म्हणजे हवा कमी असलेला टायर लवकर तरंगतो, हे अनेकांना उलटे वाटते. हे सूत्र पाण्याचा थर पुरेसा जाड आहे आणि टायरची नक्षी व रस्त्याचा पोत पाणी बाहेर काढू शकत नाहीत असे धरून चालते. त्यामुळे झिजलेला टायर आणि बुजलेला रस्ता एकत्र आले की ते खरे ठरू लागते. पुढे धावपट्ट्यांवर आडव्या खाचा पाडण्याची पद्धत याच अभ्यासाच्या आधाराने रुळली.

धागालेखक :

फार मोलाची भर. रस्त्यावर पाण्याचा जाड थर कुठे साठतो, तर चाकोऱ्यांत. अवजड वाहनांच्या चाकांखाली डांबरी थर दबून लांबच लांब चर पडतात, आणि आडवा उतार कितीही नीट असला तरी पाणी त्या चरातून कडेला जाऊ शकत नाही. एका बाजूची चाके चरातल्या पाण्यात आणि दुसऱ्या बाजूची कोरड्या उंचवट्यावर आली, की ब्रेक लावताक्षणी गाडी एका अंगाला ओढली जाते. उन्हाळ्यात याच चाकोऱ्यांत डांबर वर येऊन काळे, चकचकीत पट्टे तयार होतात. दोन्ही प्रकारचा पोत तिथे एकदमच बुडतो.

प्रतिसाद ४ :

खड्डे, कडा आणि सुटी खडी यांचा उल्लेख आला नाही. दुचाकीस्वारांना याचाच त्रास अधिक होतो.

धागालेखक :

खड्ड्यांबद्दल सर्वांना ठाऊक आहे म्हणून लिहिले नाही, पण कडेबद्दल लिहायलाच हवे होते. वरचेवर नवे थर चढवत गेल्याने डांबराची कड आणि साईडपट्टी यांच्यात पायरी तयार होते. चाक चुकून खाली उतरले, की घाबरून चालक स्टिअरिंग वळवतो. चाकाची बाजू त्या उभ्या कडेला घासत राहते आणि वर चढत नाही. मग तो आणखी वळवतो. शेवटी चाक एकदम वर येते, तोवर स्टिअरिंग फार वळलेले असते आणि गाडी समोरच्या मार्गिकेत फेकली जाते. अशा वेळी वेग आधी कमी करून मगच वर येणे हिताचे. थर अंथरतानाच कडेला सुमारे ३० अंशांचा तिरका उतार देण्याची पद्धत अमेरिकेत याच कारणासाठी आणली गेली. त्यामुळे चाक झटका न बसता वर येते.

सुट्या खडीचा पृष्ठभाग कितीही खरखरीत असला तरी तिचा उपयोग नाही, कारण दगडच रस्त्याला धरून नसतो. खडी पसरून डांबरावर दाबण्याचे काम झाल्यावर उरलेली खडी झाडून नेईपर्यंत वेगमर्यादा कमी ठेवायला हवी. ओले झालेले रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रूळ यांवर दुचाकीने ब्रेक लावू नये, आणि रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत.

प्रतिसाद ५ :

अपघात झाल्यानंतर नातेवाइकांनी किंवा चौकशी करणाऱ्यांनी पृष्ठभागाविषयी नेमके काय टिपून ठेवावे? आमच्या कुटुंबातील एका अपघातात आठवड्याभरात त्या जागी नवा थर टाकला गेला आणि पुढे काहीच दाखवता आले नाही.

धागालेखक :

नवा थर पडला की पुरावा त्याच्याखाली गाडला जातो, म्हणून मोजमाप त्याआधी व्हायला हवे आणि तशी लेखी मागणी ताबडतोब करावी. मोजमाप ज्या मार्गिकेत घसरण झाली तिच्या चाकोरीतच व्हावे. चाकोऱ्यांच्या मधल्या पट्टीत दगड कमी घासलेला असतो आणि तिथला आकडा चांगला येतो, त्यामुळे 'रस्ता योग्य होता' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चाचणी पृष्ठभाग ओला करूनच घ्यावी. चाकोरीतला आणि मधला असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले तर झीज किती झाली तेही दिसते. पेंड्युलमचा आकडा मुख्यतः कमी वेगाच्या पकडीविषयी बोलतो, म्हणून त्याच्या जोडीला वाळूची चाचणीही हवीच. लंबकाच्या रबरावर तापमानाचा परिणाम होत असल्याने त्या वेळचे तापमान नोंदवावे.

सामान्य माणसाला उपकरणे मिळणार नाहीत, पण फोटो काढता येतात. उभे राहून काढलेल्या फोटोत पोत दिसत नाही. खाली बसून, रस्त्यालगत कॅमेरा धरून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. खाचा असतील तर त्यांच्या सावल्या पडतात, बुजलेल्या असतील तर पडत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर त्याच जागी पुन्हा जाऊन पाणी कुठे थांबते, त्याचाही फोटो वेळेसह घ्यावा. सरळ पट्टी आडवी टाकून चाकोरीची खोली मोजता येते, पण चालत्या रस्त्यावर वाहतूक थांबवल्याशिवाय हे कोणीही करू नये. आणि जागेवरून उखडलेला एखादा दगड कडेला सापडला, तर तो पिशवीत घालून, कुठे मिळाला ते लिहून ठेवावा.